अजून थोडं काम आहे

"शेवटी काय म्हणाले?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. भेटायला येणाऱ्या बायका तर दारात चपला काढता काढताच विचारायच्या. मी प्रत्येकीला वेगळं उत्तर दिलं. नणंदेला सांगितलं, तुमची आठवण काढली. शेजारच्या काकूंना सांगितलं, देवाचं नाव घेतलं. खरं उत्तर ऐकून कुणाचंच समाधान झालं नसतं, म्हणून इतके दिवस गप्प राहिले. आज सांगते. आमच्या मधुकररावांनी दवाखान्यात तोंडावरचा मास्क बाजूला केला, मला खुणेनं जवळ बोलावलं, मी कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि ते म्हणाले, "गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेव."… मी "बरं" म्हटलं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी गेले.

नंतर शोकसभा झाली. जुन्या गाड्यांचा नाद असलेली त्यांची मंडळी होती, पाटबंधारे खात्यातले जुने सहकारी होते. एकेक जण उठून बोलत होता. देवमाणूस. कधी आवाज चढवला नाही. हातात कला होती. एक गृहस्थ म्हणाले की वहिनी भाग्यवान, मधुकररावांनी त्यांना आयुष्यात कधी 'नाही' म्हटलं नसेल. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवली, कारण ते शब्दशः खरं आहे. मधुकररावांनी मला कधीच 'नाही' म्हटलं नाही. त्यांना गरजच पडली नाही हो! ते म्हणायचे, "अजून थोडं काम आहे." वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहून द्या असं मला सांगण्यात आलं, तेव्हा अपेक्षा गोड शब्दांची असणार. माझ्याकडे सध्या गोड शब्द नाहीत. ज्यांना हवेत त्यांनी शोकसभेचा वृत्तान्त वाचावा.

ती गाडी मुळात माझ्या वडिलांची. श्रीगोंदा तालुक्यात आमचा ऊस. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साखर कारखान्याच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून ती घेतली. तेव्हाच ती जुनी होती. काळी, विलायती, गोल डोळ्यांची, पुढं बाकासारखी एकच लांब सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालीच. गाडी घेतली खरी, पण आप्पांना एका डोळ्यानं कमी दिसायचं. दोनदा चारीत घातल्यावर त्यांनी हाय खाल्ली आणि चावी माझ्या पुढं टाकली. मी तेव्हा कॉलेजात जाणारी पोर. उसाच्या दोन रानांमधून जाणाऱ्या गाडीवाटेवर त्यांनी मला शिकवलं. समोरून उसानं भरलेली बैलगाडी आली की वाट संपली, मग मागं मागं न्यायची गाडी, थेट पाटापर्यंत. घाबरून मी स्टिअरिंग गच्च धरायची. आप्पा शेजारी तंबाखू मळत म्हणायचे, "शके, लई आवळू नगं. हात नुसता ठिव. तिला म्हाईत हाय कुठं जायाचं." आणि खरंच, हात सैल सोडला की गाडी वाटेवर यायची. मग कारखान्याची मीटिंग असो, तालुक्याचा बाजार असो, नाहीतर कुणाची मयत, आप्पा डावीकडं बसायचे आणि मी चालवायची. गावातली माणसं आधी हसली, मग सवयीनं गप्प झाली, आणि पुढं पुढं तर पेशंट न्यायचा असला की थेट मलाच हाक मारायला येऊ लागली. मला त्या गाडीत जेवढं मोकळं वाटलं तेवढं पुन्हा कुठंच वाटलं नाही. एवढं सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

लग्न ठरलं तेव्हा आप्पा सगळ्यांना सांगत सुटले, "गाडी शकूला दिली." दिली म्हणजे काय, तर मांडवात, सगळ्या सोयऱ्यांच्या पुढं, नारळ आणि उपरण्यावर ठेवून चावी जावयाच्या हातात दिली. मुलीच्या हातात चावी कोण देतं? वस्तू मुलीला द्यायची ती जावयाच्या हातात, अशीच आमच्याकडची रीत. मानपानाचा प्रश्न असतो. कागदही पाठोपाठ जावयाच्या नावावर झाले. मला खटकलं होतं, पण नवरीनं मुंडावळ्या बांधून मांडवात काय भांडण काढायचं! आप्पांच्या ते लक्षात आलं असावं. मला वाटेला लावताना कानात म्हणाले, "चावी कुनाच्या बी खिशात असूंदे, गाडी तुजीच." माझ्या भोळ्या बापाला खरंच तसं वाटत होतं.

मधुकरराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. माणूस शांत, नीटनेटका, निर्व्यसनी, आणि त्या गाडीवर मनापासून जीव. हे मी नाकारणार नाही. आम्ही सावेडीत राहायला आलो तेव्हा घराआधी गाडीची शेड झाली. पहिली काही वर्षं मी नगरात गाडी चालवली, कुणी काही म्हटलं नाही. मग जुन्या मापाचे टायर मिळेनासे झाले. त्यांनी जाड टायर बसवले आणि त्या दिवसापासून स्टिअरिंग म्हणजे विहिरीचा रहाट झालं. जागेवर वळवायचं तर दोन्ही पाय रोवून जोर लावावा लागायचा. त्यात माझा उजवा खांदा बाळंतपणानंतर धरला तो धरलाच. "तुला झेपायचं नाही," ते म्हणाले. "स्टिअरिंग आधी नीट बसवू, मग चालव. अजून थोडं काम आहे."

आणि मग ते काम सुरू झालं. दर रविवारी. मला त्या गाडीच्या खालचं सगळं पाठ झालं, एवढ्या वेळा ऐकलंय. स्टिअरिंग फिरवलं की खालच्या पेटीतून बाहेर आलेला एक लोखंडी हात पुढं-मागं होतो, त्याला ते आर्म म्हणायचे. आर्म एका दांड्याला ढकलतो, दांडा चाकाला वळवतो, आणि एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत आडवा टायरॉड असतो म्हणून दोन्ही चाकं सोबत वळतात. या सगळ्यांच्या जोडावर गोळे असतात, आपल्या खुब्यात असतात तसे. ते झिजले की स्टिअरिंग फिरतं पण चाक ऐकत नाही. मग ते गोळे बदला, नट आवळा, पुन्हा ढिला करा, पुन्हा आवळा. चाकांना लागून दोरी ताणायची आणि पुढची चाकं किती आत झुकलीत ते बघायचं. हे सगळं करताना मला हाक असायची, "शकू, जरा स्टिअरिंग सरळ धर." मी पदर खोचून दार उघडायला गेले की खालून आवाज यायचा, "आत बसू नकोस, वजनानं माप चुकतं." मग मी बाहेर उभी राहून खिडकीतून हात घालून माझ्या बापाच्या गाडीचं स्टिअरिंग धरायची. वर्षानुवर्षं धरलं. हसू येतंय ना? मला नाही येत.

एकदा मात्र मी हट्टालाच पेटले. तेव्हा निखिल, आमचा मुलगा, जेमतेम शाळेत जायला लागला होता. मी म्हटलं, ते नीटबीट राहू द्या, मला हलकं करून द्या. तुम्ही एवढे इंजिनिअर, कालव्याचं पाणी वळवता, एक स्टिअरिंग हलकं होत नाही? त्यांना ते लागलं असावं, किंवा आवडलं असावं. ते खरंच कामाला लागले. त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं, आर्म आखूड केला की स्टिअरिंग जास्त वेळा फिरवावं लागतं, पण जोर कमी लागतो. घाटाचा रस्ता वळणावळणानं नेला की चढ सोपा होतो, तसंच. आधी जुना आर्म उतरवून तपासला. तपासायची त्यांची रीत होती. लोखंड रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, मग कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड चोळायची. कुठं तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी ओली रेघ उमटते. खडू माझेच, मी शाळेत शिकवायची ना! जुन्या आर्मवर थोड्या वेळानं केसाएवढी रेघ उमटली तेव्हा मी तोंडावर हात ठेवला. ते म्हणाले, "यावर इतके दिवस आपण तिघं फिरत होतो."

नवीन आर्म बनवायला त्यांनी जिवाचं रान केलं. स्टिअरिंगच्या कुठल्याही वस्तूला वेल्डिंग लावायचं नाही, हा त्यांचा नेम. अख्ख्या पोलादातून तो घडवून घेतला, एक मूळ मापाचा आणि एक आखूड, दोन्ही. आतले दाते कापताना एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये ते स्वतः दिवसभर उभे राहिले. आखूड आर्म मुनीरभाईंनी बसवला. मुनीरभाई म्हणजे आमचे नगरातले मेकॅनिक, पहिल्यापासून तेच. दुसऱ्या दिवशी मी गाडी सावेडीच्या मोकळ्या मैदानात घातली. वळायला जागा जास्त लागत होती, हात जास्त फिरवावे लागत होते, पण खांदा दुखला नाही. डाव्या हातानं, एकट्या डाव्या हातानं मी गाडी वळवली. मी खाली उतरले आणि चार लोकांच्या देखत नवऱ्याचा हात धरला. त्या दिवशी मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते त्याआधी वाटलं नव्हतं आणि नंतर… नंतरचं नंतर.

तो अधिक महिना होता. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावण्याचा महिना. आप्पांचा निरोप आलेलाच होता. मी म्हटलं, मी नेते. ते म्हणाले, "ने की." सावेडीपासून श्रीगोंद्याच्या आमच्या वस्तीपर्यंत गाडी मी चालवली, मधुकरराव डावीकडं, निखिल मागं झोपलेला. मी वाटेत गाणी म्हणत होते. वस्तीच्या फाटकातून आत वळले तर आप्पा काठी टेकत पुढं आले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "शके, हात इसरली न्हाईस गं." मग जावयाच्या हाताला धरून म्हणाले, "जावईबापू, तुमी स्टेरिंग हलकं केलं, लई उपकार झालं." म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं.

पण अंगणात भाऊबंद जमलेले होते, आणि जावई सासुरवाडीला आला की त्याची चेष्टा करायची नाही तर काय करायचं! माझा चुलतभाऊ बाळूदादा सुरू झाला, "काय दाजी, डायवर झ्याक ठिवलाय! पगार येळेवर देता का न्हाई?" दुसरा म्हणाला, "आवो, मंग दाजी गाडीत काय करत्यात?" तर एक म्हातारबा ओट्यावरून ओरडले, "हारन वाजिवत्यात!" जो हशा पिकला! मधुकररावांना पाटावर बसवलं, ओवाळलं, ताटात पुरणाचे धोंडे, चांदीच्या ताम्हनात दिवा आणि अनारसे दिले, पण सगळं जेवण होईपर्यंत जो तो पंगतीत "हारनवाले, घ्या अजून" असंच वाढत होता. मधुकरराव सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. मीही हसले. चेष्टाच होती ती, दर वर्षी कुणा ना कुणा जावयाची व्हायची. कुणी धोतरावरून, कुणी टकलावरून. दुसरा कुणी असता तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता.

परत निघताना ते म्हणाले, "तू दमली असशील, दे मी चालवतो." मी चावी दिली. घरापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. सवय नसल्यामुळं एका वळणावर त्यांचे हात कमी फिरले आणि गाडी रस्त्याच्या कडेला खडीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले, आणि परत आले तर गाडी जॅकवर आणि हे खाली. म्हणाले, "आर्म काढला. तडा गेलाय."

मी विचारलं, "एवढ्यात?"

"केसाएवढा आहे. खडू लावून बघितलं. पोलादातच दोष असणार. बरं झालं वेळीच कळलं, नाहीतर तू निखिलला घेऊन…" एवढंच बोलून थांबले. आई झालेल्या बाईला गप्प करायला यापेक्षा जास्त लागत नाही. "मूळ मापाचा बसवलाय. आखूड पुन्हा बनवून घेऊ. अजून थोडं काम आहे."

ते काम संपलं नाही. मी आधी दर महिन्याला विचारायची, मग दर दिवाळीला, मग विचारायचंच सोडलं. ते पोलाद मिळत नाही, ते मशीन बंद पडलं, तो माणूस रिटायर झाला. दर वेळी कारण खरंखुरं वाटायचं आणि दर वेळी आवाज मऊ. चिडायचं कुणावर? भिंतीवर डोकं आपटलं तर निदान लागतं तरी. उशीवर आपटून काय होतं? आप्पा गेले. त्यांनी शेवटपर्यंत मला विचारलं, "गाडी चालवती ना गं?" आणि मी शेवटपर्यंत "व्हय" म्हणून सांगितलं. मी स्कूटरवर शाळेत गेले, स्कूटरवर भाजी आणली, स्कूटरवर निखिलला क्लासला सोडलं. गाडीत बसायची ती लग्नामुंजीला, डावीकडं, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन. लोक काचेतून डोकावून गाडी बघायचे. मोटारीचं लायसन्स मात्र मी प्रत्येक वेळी जाऊन नवं करून घेतलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

मधुकरराव गेले. दिवस झाले. निखिल पुण्याहून आला होता, परत जाताना म्हणाला, "आई, पुढच्या खेपेला गाडी मी घेऊन जातो. इथं आता कोण चालवणार?"

मी म्हटलं, "मी."

तो हसला. खोटं नाही हसला, प्रेमानंच हसला. "आई, तू? तुला चारचाकी कुठं येते?" माझ्या पोटच्या पोराला, ज्याला मागच्या सीटवर निजवून मी श्रीगोंद्याला नेलं होतं, त्याला माहीतसुद्धा नव्हतं. त्यानं मुनीरभाईंना फोन करून सांगितलं की बॅटरी जोडून ठेवा, गाडी एकदा बघून घ्या.

मुनीरभाई आले. आता तेही म्हातारे झालेत, दाढी पांढरी झालीय. बॅटरी जोडली, इंजिन चालू करून पाहिलं, आणि हात पुसता पुसता म्हणाले, "भाभी, गाडी पुण्याला जाणार ना? मग तो आर्म पण देऊन टाकतो. गाडीचाच माल आहे, माझ्याकडे ठेवून काय करू."

"कुठला आर्म?"

"छोटावाला. साहेबांनी बनवला होता तो."

"त्याला तर तडा गेला होता ना?"

मुनीरभाईंचा चेहरा मी विसरणार नाही. हातातलं फडकं ते पुन्हा पुन्हा त्याच बोटाला पुसत राहिले. मग म्हणाले, "चहा राहू द्या भाभी, मी येतो…" मी म्हटलं, "मुनीरभाई, बसा." इतकी वर्षं वर्ग सांभाळलेत मी, तो आवाज अजून आहे. ते बसले.

"साहेब बोलले होते, भाभींनी विचारलं तर तडा गेलाय म्हणून सांगा. मला वाटलं, नवरा-बायकोचं काही असेल. आपण मधे कशाला पडायचं?"

"मग भंगारात का नाही टाकलात?"

"टाकणार कसा भाभी? साहेब दर वर्षी गॅरेजला यायचे. कपडा सोडायचे, आर्म बघायचे, जुनं ग्रीस पुसून नवीन लावायचे, पुन्हा गुंडाळून ठेवायचे. मी किती वेळा बोललो, साहेब, बसवून टाकू. तर म्हणायचे, बघू. अजून थोडं काम आहे."

मी त्यांना तो आर्म घेऊन यायला सांगितलं. ते लगेच गेले आणि घेऊन आले, येताना बाटलीत रॉकेलही आणलं, पार्ट धुवायला ठेवलेलं असतं त्यांच्याकडे. व्हरांड्यात मी तो ताटलीत बुडवून ठेवला. मुनीरभाई खुर्चीच्या टोकावर बसून होते. मग बाहेर काढून स्वच्छ पुसला. खडूचा डबा घरात होताच. पूड करून बोटांनी सगळीकडं चोळली, दात्यांच्या कडेनं, वाकाच्या आतून, भोकाभोवती, जिथं जिथं तडा जातो म्हणून त्यांनीच मला शिकवलं होतं तिथं. आणि बसले बघत. खरं सांगते, मला रेघ दिसायला हवी होती. मी देवाला म्हणत होते, एक रेघ दाखव, केसाएवढी दाखव, अर्ध्या केसाएवढी दाखव, मी उद्या त्यांच्या फोटोला हार घालीन. चष्मा पुसून पाहिलं. उन्हात नेऊन पाहिलं. आर्म सगळा पांढराशुभ्र होता.

मग मात्र मी मुनीरभाईंना सोडलं नाही. ज्याला बोलायचं तो फोटोत जाऊन बसलेला, मग समोरच्याला ऐकून घ्यावंच लागलं. म्हटलं, माझ्या हातचा किती चहा प्यालात तुम्ही या व्हरांड्यात? प्रत्येक वेळी मी विचारायची, मुनीरभाई, ते पोलाद मिळालं का हो? आणि तुम्ही कपात बघून मान हलवायचात. लाज नाही वाटली? ते म्हणाले, "वाटली भाभी." एवढंच म्हणाले. दुसरं काही म्हणाले असते तर मी आणखी भांडले असते. आत कुकरची शिट्टी झाली, पण मी उठले नाही.

मला राग खोटेपणाचा आहेच, पण खरा राग त्या ग्रीसचा आहे. आर्म फेकून दिला असता, नदीत टाकला असता, तर मी म्हटलं असतं, पुरुषाचा जळफळाट, झालं गेलं. पण दर वर्षी जाऊन तो जपायचा, गंजू द्यायचा नाही, आणि घरी येऊन माझ्या हातचं जेवायचं! म्हणजे दर वर्षी त्यांना आठवत होतं. दर वर्षी त्यांनी नव्यानं ठरवलं. एक चेष्टा, एका पंगतीतली, ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं तोंडाला येईल ते ओरडलेलं… तेवढ्यासाठी माणूस सगळा जन्म असं करतो? आणि ते मला सांगायलाही त्यांना जमलं नाही. "शकू, मला लाज वाटली," एवढे चार शब्द. मी भांडले असते, रडले असते, कदाचित माफही केलं असतं. त्यांनी मला तीही संधी दिली नाही. लोक म्हणतात, वेळ गेला की गेलेल्या माणसाचं वाईट विसरायला होतं. माझं उलट चाललंय. रोज काहीतरी नवीन आठवतं.

"आर्म बसवा," मी म्हटलं.

"पुण्याला जायच्या आधी?"

"पुण्याला जाणार नाही. निखिलला मी सांगते."

मुनीरभाईंनी दोन दिवस खपून तो बसवला. गोळे बदलले, दोरी लावून चाकं जुळवली. "भाभी, जरा स्टिअरिंग सरळ धरा," ते खालून म्हणाले, आणि मी खिडकीतून हात घातला. ते बाहेर डोकावून म्हणाले, "आत बसा की भाभी. एवढ्यानं कुठं फरक पडतो?" मी आत बसले. नट आवळून झाल्यावर त्यांनी बाहेर येऊन, नव्यानं दिल्यासारखी, चावी माझ्या हातावर ठेवली. उपरणं नाही, नारळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती चावी कुणी माझ्या हातात दिली.

मी आत जाऊन साडी बदलली, लायसन्स पर्समध्ये टाकलं, चप्पल घट्ट बसणारी घातली. बाहेर आले. मुनीरभाईंनी शेडचं दार पूर्ण उघडून ठेवलं होतं. मी गाडीकडं गेले, दार उघडलं, पदर आत ओढून घेतला, दार लावलं आणि पर्स मांडीवर धरून समोर बघत बसले. बराच वेळ बसले. गाडी का निघत नाही हे मला कळेना. मग हातातली चावी टोचली. मी डावीकडं बसले होते.

त्या दिवशी मी त्याच लांब सीटवरून सरकत सरकत स्टिअरिंगपाशी गेले आणि तिथं, मुनीरभाईंच्या समोर, मधुकरराव गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. मग गाडी काढली. हलकी आहे अगदी, एका हातानं वळते. काम चोख केलंय मेल्यानं. आता मी ती रोज चालवते, सावेडीत, श्रीगोंद्याच्या रस्त्याला, परवा तर जामखेडला मैत्रिणीकडं जाऊन आले. पण चावी घेऊन शेडमध्ये गेले की पाय अजूनही आधी डाव्या दाराकडंच जातात. हात मुठीला लागतो तेव्हा लक्षात येतं. मग मी तिथल्या तिथं त्यांना आमच्या गावाकडची एक चांगली सणसणीत शिवी देते, गाडीला वळसा घालते आणि उजवीकडचं दार उघडते.